तंबोऱ्यातलं पान

बासनात एकवीस पानं. बाविसावं नाही.
गिरमाजी तिमाजी, मिरजेच्या फडावरचा कारकून,
दिवसा जमाखर्च लिही, आणि रात्री
त्याच बोरूनं, सरकारी शाईनं,
शालजोडीची कैफियत.

त्यात शालजोडीच बोलते. म्हणते,
मला आधी एका शास्त्र्याच्या खांद्यावर घातलं,
त्यानं व्याह्याच्या मानपानात ढकललं,
व्याह्यानं सावकाराला, सावकारानं वकिलाला,
अकरा खांदे झाले, घडी कुणी मोडली नाही.
बाराव्या खेपेस जिथून निघाले तिथंच आले
आणि हुजूर वदले, वा, काय नवी कोरी!
आतली कसर तेवढी ओळखीचं हसली.

मी मोडी वाचतो. पोस्टातून निवृत्त झालो,
दुसऱ्यांची पत्रं उघडायची हौस अशी भागवतो.
मोडीत शब्दाला शब्द चिकटलेला,
जिथं तोडाल तिथं अर्थ.
कारभारी सदाचारी, असं लिहितो गिरमाजी,
आणि बोट जरा अडखळलं तर
कारभारी सदा चारी. सरकारी कुरणात.

बाविसावं पान फ्रान्समध्ये निघालं.
पान नव्हे, तर्जुमा.
इथं कुणाच्या तरी पदरी असलेल्या फरासीस वैद्यानं,
मुस्यू देलोर्मनं,
ऐकत ऐकत आपल्या भाषेत उतरलेला.
सलोमी सातपुते, मिशन हॉस्पिटलची सिस्टर,
पुदुच्चेरीला फ्रेंच शिकलेली,
रात्रपाळीत सलाइन बदलता बदलता मला सांगत गेली.
माणूस सरळ असावा, म्हणाली,
कळत नाही तिथं कबूल करतो:
"शालजोडीत जोडा का गुंडाळला, समजले नाही.
थंडीत इकडे पादत्राणांनाही जपत असावेत."
आम्ही इतके हसलो की सात नंबरचा पेशंट जागा झाला.

मग शेवटची ओळ.
"मालकाने सन्मान दिला, कारकुनाने सन्मान दिला."
खाली तळटीप:
"येथे सगळी बैठक हसली. दोनदा वाचून घेतले.
मला हसू आले नाही."

म्हणजे दोनशे चाळीस वर्षं
तो बिचारा तसाच बसलाय,
सगळ्यांच्या तोंडाकडे बघत.

दस्तगीरभाईंकडे जुना तंबोरा आला दुरुस्तीला.
भोपळा आतून तडकलेला, कधीकाळी कागद लावून सांधलेला.
रद्दीच लावायचे आमचे पणजे, ते म्हणाले,
जुना कागद सरस चांगला पितो.
उघडून बघता येईल? मी विचारलं.
त्यांनी तार छेडली. उत्तर म्हणून एवढंच.

सलोमीनं दातांच्या डॉक्टरचा आरसा आणला,
दस्तगीरभाईंनी बॅटरी धरली.
आरशात मोडी उलटी, वर सरसाचा थर,
वर शंभर वर्षांची धूळ.
मी पालथा पडून वाचत होतो
आणि शेजारी एक पोरगा जव्हारी लावत होता, कर्र कर्र.
"मान" लागलं. मग बराच वेळ काही नाही.
मग "दिली".

ला नाही.
ली.

सलोमीचा हात आपसूक मागं गेला,
केसांखाली, जिथं कॉलर संपते.

हुजुरांनी मान दिला. कारकुनानं...
दस्तगीरभाई आधी हसले, मग मी.
ती हसली नाही. म्हणाली,
त्यांच्याकडे हे दोन वेगळे शब्द आहेत.
मुस्यूंना आता कसं सांगायचं?

घरी येऊन जमाखर्चाच्या वह्या पुन्हा काढल्या.
भात इतके मण, तेल इतकं, मशालजीस इतकं.
पौषापर्यंत गिरमाजीचं अक्षर,
तिरकं, घाईचं, वेलांटीला हिसका देणारं.
माघापासून दुसरंच कुणाचं.
गोल. नीटनेटकं.
खाडाखोड एकही नाही.

तंबोरा गुरुवारी गिऱ्हाईक घेऊन गेलं.
पान आतच आहे.